सहा महिन्यांच्या कोर्सवर मानसिक आरोग्याचं काम जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी वाशीम जिल्ह्यातली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे. बाहेरगावी राहून एम.ए. करण्यासारखी घरची परिस्थिती नाही. मोबाइलवर 'सहा महिन्यांत समुपदेशक व्हा' अशा जाहिराती येतात, फी पंधरापासून चाळीस हजारांपर्यंत. मला मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी काम करायचं आहे. असा कोर्स करून नोकरी मिळेल का? काम जमेल का? आई म्हणते, वेड्यांमध्ये राहून तूच वेडी होशील."

आधी पैशाचं बोलू. ते पंधरा-चाळीस हजार इतक्यात कुणाला देऊ नकोस. (लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.) मी मनोविकार समाजकार्यात तेवीस वर्षं आहे. सुरुवातीची नऊ वर्षं वॉर्डात काढली, पुढची चौदा गावपातळीवर काम करणाऱ्यांना शिकवण्यात गेली. आशाताई, अंगणवाडी सेविका, तुझ्यासारख्या बी.ए., बी.एस.डब्ल्यू. झालेल्या मुली, आणि एका तुकडीत तर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्या तुकडीत सगळ्यांत पुढे ते कंडक्टरकाकाच गेले. का, ते सांगतेच.

जाहिरातीतल्या नंबरावर फोन कर आणि एवढंच विचार: "वर्ग संपल्यावर मी खऱ्या माणसासमोर बसेन, तेव्हा माझं काम कोण बघणार? आणि किती वेळा?" समोरून "मॅडम, आमचं सर्टिफिकेट गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे" असं आलं तर फोन ठेवून दे. नोंदणी संस्थेची असते, गावातलं भजनी मंडळही नोंदणीकृत असतं. त्या कागदाने तुला काही शिकवलं असं होत नाही. उलट एखादी संस्था म्हणाली, "पहिले तीन महिने तुम्ही आमच्या अनुभवी ताईंबरोबर फिराल, नंतर दर आठवड्याला तुमच्या केसेसवर बसू," तर तिथे फी असली तरी विचार कर. बहुतेकदा अशा ठिकाणी फी नसते, वर थोडं मानधन असतं.

आता कायद्याचं, कारण जाहिरातवाले इथेच घोळ घालतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण हे लिहिलेलं आहे: मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, आयुष शाखांमधले या विषयाचे काही पदव्युत्तर, आणि राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारक आणि मनोविकार समाजकार्यकर्ते. सहा महिन्यांत यातलं काहीच होता येत नाही. मग २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, समुपदेशक यांच्या ओळीत 'मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर' हे नावही आलं आहे. म्हणजे तू जे काम करू म्हणतेस, त्याला कागदावर का होईना, नाव मिळालं. पण त्याच कायद्यात सहयोगी व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचं शिक्षण सांगितलं आहे. तुझ्या जाहिरातीतला कोर्स रविवार सोडून रोज तीन तास चालला तरी सहा महिन्यांत पाचशे तास भरत नाहीत. हा हिशेब त्यांना फोनवर करून दाखव, गंमत येईल.

'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' असाही फोन येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या क्षेत्रातले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. तेव्हा तिकडेही पैसे अडकवू नकोस.

इथवर वाचून वाटेल, म्हणजे आपल्याला दार बंदच. तसं नाही. मी चौदा वर्षं जे शिकवते ते पदवी नसलेल्यांनाच शिकवते, आणि त्याचा उपयोग होतो हे नुसतं माझं म्हणणं नाही. गोव्यात संगाथ ही संस्था १९९६ पासून आहे. त्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले: एकाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, दुसऱ्याला ते उपचार आणि जोडीला या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दारू कमी करण्यासाठीही त्यांनी असाच प्रयोग केला. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्राने 'आत्मीयता' चालवलं. गावातलीच माणसं गावातल्या दुःखी माणसाला ओळखतात, चार-सहा भेटी देतात, सरकारी योजनेचा कागद करून देतात, आणि झेपत नसेल तर दवाखान्यात नेतात.

या प्रयोगांचं नाव जाहिरातवालेही घेतात. बघा, सामान्य माणूससुद्धा करू शकतो! पण निम्मी गोष्ट सांगतात. गोव्यातल्या त्या समुपदेशकांना वर्गानंतर काही महिने उमेदवारी करावी लागली, आणि जे त्यात टिकले तेच पुढे घेतले. त्यांच्या भेटींचं, रुग्णाच्या संमतीने, ध्वनिमुद्रण व्हायचं. मग आठवड्याला सगळे एकत्र बसून एकमेकांच्या टेप ऐकायचे आणि गुण द्यायचे. इथे रुग्णाने महत्त्वाचं बोललं ते हिने ऐकलं का? इथे उगाच सल्ला दिला का? त्या ६४ टक्क्यांमागे ही टेप आहे. ती काढून घे आणि उरलेला अभ्यासक्रम कितीही चांगला छाप, काही हाती लागणार नाही.

ही टेपची पद्धत मी आमच्याकडे आणली तेव्हा काय झालं ते सांगते. पहिल्या गुरुवारी एका अंगणवाडी सेविकेची टेप लावली. गावात सगळ्यांना हवीशी असलेली बाई, बोलायला गोड. टेपमध्ये समोरची बाई म्हणते, "ताई, मला घरात कुणी इचारत न्हाई," आणि तिचा आवाज फुटतो. मी घड्याळ धरून बसले होते. चार सेकंद. चौथ्या सेकंदाला आमच्या ताई म्हणाल्या, "रडू नका हो, सगळं चांगलं होईल, तुमची पोरं किती हुशार!" समोरची बाई "व्हय, व्हय" म्हणाली आणि पुढची पंचवीस मिनिटं पोरांच्या शाळेवर बोलणं झालं. टेप संपली, खोली गप्प. मग त्या ताई स्वतःच म्हणाल्या, "मीच तिला गप्प केलं की."

हे व्हिडिओ बघून कळत नाही गं. आपण सगळे लहानपणापासून रडणाऱ्याला गप्प करायलाच शिकलेलो असतो. रडणं थांबलं की आपलं काम झालं असं वाटतं. ही सवय मोडायला पुस्तकाचं पान पुरत नाही, आपला आवाज आपल्याच कानांनी ऐकावा लागतो, चार माणसांसमोर, आणि जरा लाजही वाटावी लागते. माझ्या अनुभवात साधारण सहावी-सातवी टेप आली की माणूस बदलायला लागतो.

कंडक्टरकाकांचं इथेच वेगळं होतं. तीस वर्षं एसटीत सुट्टे पैसे मोजून परत दिलेले. समोरच्याचं वाक्यही ते तसंच परत करायचे, जेवढं दिलं तेवढंच, एक शब्द वाढवायचा नाही. "तुम्ही म्हणता, दोन महिने झाले, शेताकडे पाय वळत नाही." झालं. मग थांबायचे. समोरचा आपोआप पुढचं सांगायचा. आणि त्यांना सल्ला द्यायची हौस नव्हती. म्हणायचे, "मी तिकीट देतो मॅडम, गाडी चालवत नाही."

ऐकणं आलं की पुढचं भाषेचं. तू मानसशास्त्राच्या पेपरात नैराश्य, चिंताविकार, मनोविदलता असं लिहिलं असशील. गावात कुणी येऊन "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. म्हणतात: जीव लागत नाही. डोकं भणभणतं. छातीत धडधड होते. हातापायाला मुंग्या येतात. अन्न गोड लागत नाही. बायका तर अंगावरून पांढरं जातं म्हणून येतात. गोव्यातल्याच अभ्यासात दिसलं होतं की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त असू शकतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर आजारांची नावं लिहीतच नाही. शिकायला आलेल्यांनाच विचारते, तुमच्या गावात असं झालं की काय म्हणतात? फळा भरतो. 'बाहेरचं आहे', 'करणी केली', 'वारं शिरलं' हेही त्यात येतं, आणि ते पुसायचं नसतं. देवऋषाकडे जाऊन आलेल्या माणसाशी भांडून काही मिळत नाही. "तिकडचं तुमचं चालू द्या, पण मारणं नको, बांधणं नको, उपाशी ठेवणं नको, आणि या गोळ्या बंद करायच्या नाहीत," एवढं ठणकावून सांगायचं. साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्याच वेळी सांगायचं.

भाषेचाच एक शब्द माझ्या अंगावर आजही काटा आणतो: 'औषध'. मी नवीन असताना एका घरी गेले. घरधन्याबद्दल त्याची बायको म्हणाली, "त्यांनी काल औषध घेतलं नाही, पण आज घेतो म्हणतायत." मी वहीत लिहिलं, गोळ्या घेण्यात अनियमित. निघता निघता सोबतच्या आशाताईंनी माझा हात धरला. "मॅडम, कोणतं औषध ते इचारा." फवारणीचं. कपाशीवर मारायचं. त्या दिवशी ती बाटली आम्ही घरातून उचलून त्याच्या भावाकडे ठेवली, संध्याकाळी त्याला घेऊन सिव्हिलला गेलो. तो माणूस आहे, चांगला आहे. पण मी शिकलेली होते आणि आशाताई आठवी पास, हे मी प्रत्येक तुकडीला सांगते.

आत्महत्येबद्दल विचारायला सगळ्यांना भीती वाटते. विचारलं तर डोक्यात नसलेलं घालू असं वाटतं. तसं होत नाही, उलट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. पण विचारायचं कसं हे तोंडात बसवावं लागतं. आधी दुरून: "कधी असं वाटतं का, की रात्री झोपावं ते सकाळी उठूच नये?" हो म्हटलं तर सरळ: "जीव द्यावा असं मनात येतं का?" मग: "कसं करायचं ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?" माझ्या तुकडीतल्या प्रत्येकाला ही वाक्यं मी शंभर वेळा म्हणायला लावते, पाढ्यासारखी. 'जीव द्यावा' हे शब्द उच्चारताना आवाज खाली गेला की पुन्हा. हो अशी उत्तरं आली की त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध, दोर, जास्तीच्या गोळ्या बाहेर काढायच्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर टेलि-मानस या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. घरचे 'पोलीस केस होईल' म्हणून घाबरतात. त्यांना सांगायचं की २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे असं म्हणतं.

गोळ्या लिहून देणं, बदलणं, बंद करणं तुझं काम नाही, कधीच नाही. पण गोळ्यांनी काय होतं हे माहीत हवंच. एकदा रात्री अकराला फोन आला, पोराची मान एका बाजूला वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ बाहेर येते. घरी देवऋषाला बोलावणं गेलं होतं, कारण हे तर सरळसरळ 'बाहेरचं' दिसत होतं. पोराला दोन दिवसांपूर्वीच हॅलोपेरिडॉल ही मानसिक आजारावरची गोळी सुरू झाली होती. तरुण मुलांमध्ये या गोळीने सुरुवातीच्या दिवसांत असं होऊ शकतं, आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात मान सरळ होते. आमच्या कार्यकर्तीला हे माहीत होतं म्हणून पोरगा ग्रामीण रुग्णालयात पोचला. माहीत नसतं तर त्या घरात पुढे कुणी गोळी घेतली नसती, जन्मात.

कागदांचं काम कंटाळवाणं वाटेल, पण तुझ्या कामाचा अर्धा भाग तोच असणार आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांचे दरवाजे उघडतात, आपल्याकडची संजय गांधी निराधार योजना त्यातलीच. तपासणी ज्या मोजपट्टीने होते तिला आयडियाज म्हणतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी, आणि आजार किती वर्षांचा ते. आता बघ, होतं काय. पोरगा आठ-आठ दिवस अंघोळ करत नाही, आई भरवते तेव्हा जेवतो. तपासणीच्या दिवशी मात्र आई त्याला न्हाऊ-माखू घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आणते, आणि डॉक्टरांनी विचारलं की चारचौघांत म्हणते, "तसा बरा आहे हो साहेब आता." लाज वाटते तिला. प्रमाणपत्र निघतं वीस टक्क्यांचं. खोटं काहीच बोलायचं नाही, पण 'वाईट दिवशी काय होतं ते सांगा' हे आईला आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून समजवायला हवं. कुठल्याही सहा महिन्यांच्या कोर्समध्ये मी हा धडा पाहिलेला नाही.

गुप्ततेबद्दल माझी चूक सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. ज्या संस्थेत होते तिच्या जीपवर मोठ्या अक्षरांत 'मानसिक आरोग्य प्रकल्प' लिहिलेलं होतं. ती जीप आम्ही सरळ एका मुलीच्या दारात उभी केली. पावसाळ्याचे दिवस, चिखल नको म्हणून. गावाने बघितलं. पुढच्याच महिन्यात तिचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं. तिच्या वडिलांनी मला काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या वेळी पाणी विचारलं नाही. तेव्हापासून जीप ग्रामपंचायतीसमोर थांबते आणि आम्ही चालत जातो, तेही वाटेत दोन-तीन घरी डोकावत. तोंडाने गुपित सांभाळणं सगळे शिकवतात. गावात गुपित पायांनी आणि चाकांनीही फुटतं. आणि दोन गोष्टी गुपित ठेवायच्या नसतात: कुणाच्या जिवाला धोका असेल ती, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ती. दुसरी तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवावीच लागते. हे पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगून ठेवायचं, नंतर नाही.

उपचार म्हणता येईल असं तुझ्या हातात एकच असेल, आणि ते दिसायला अगदी साधं आहे. नैराश्यातला माणूस वाट बघत असतो की बरं वाटलं की उठेन, कामाला लागेन. आपण ते उलटं फिरवायचं: थोडं उठून बघू, मग बरं वाटतंय का पाहू. गोव्यातल्या त्या सहा-आठ भेटींचा गाभा हाच होता. पण 'फिरायला जात जा' हा त्यातला सगळ्यात वाईट सल्ला. खेड्यातली बाई दिवसभर चालतेच. तिला विचारायचं, पूर्वी तुम्हाला काय करायला आवडायचं? एका आजींनी बराच वेळ आठवून सांगितलं, "दळताना ओव्या म्हणायची." जातं माळ्यावर, घरात गिरणीचं पीठ. मग ठरलं की आठवड्यातून दोनदा मूठभर डाळच जात्यावर भरडायची, सूनबाईने जातं खाली काढून द्यायचं. पहिल्या आठवड्यात जातं खाली आलं, नुसतं पडून राहिलं. दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाल्या, एक ओवी आठवली पण पुरी नाही. त्या ओवीची दुसरी ओळ सुनेलाही येत नव्हती, शेजारणीला आली. आता शेजारीण येऊन बसते. कार्यकर्तीने यात काय केलं? प्रश्न विचारला आणि पुढच्या आठवड्यात आठवणीने परत गेली. ठरल्या दिवशी परत जाणं, हे मला शिकवायला सगळ्यात जड जातं.

नोकरीचं आता स्पष्ट सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, त्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याचं पद असतं, पण त्याला किमान एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बी.ए.वर ज्या जागा निघतात त्या बहुधा संस्थांच्या प्रकल्पांत, व्यसनमुक्ती केंद्रांत, पुनर्वसन गृहांत. बहुतेक कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, मानधन वेळेवर येईलच असं नाही. मीही पाच महिने पगाराशिवाय काढले आहेत, फंड आला नाही म्हणून. घरखर्च तुझ्या एकटीवर असेल तर हे आधी आईवडिलांशी बोल. माझा सल्ला असा: दोन वर्षं एखाद्या जिथे काम बघितलं जातं अशा ठिकाणी काढ, पैसे कमी असले तरी. मग एम.एस.डब्ल्यू. कर, नियमित, कॉलेजात जाऊन. काम करून मग शिकायला आलेली मुलगी वर्गात ओळखू येते.

जाऊन बघण्यासारखी ठिकाणं आपल्याकडे आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झालेली दिसतील, आणि 'अनुभव' ही पात्रता कशी घडवावी लागते ते कळेल. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी पुण्यात सा ही संस्था १९९७ पासून आहे. तिथे पालकांच्या स्वमदत गटात परवानगी काढून एकदा बस. चार तासांत जे ऐकशील ते तुझ्या तिन्ही वर्षांच्या नोट्समध्ये नसेल.

आईचं राहिलं. त्यांना सांग, हा आजार लागट नाही. पण त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी ज्यांच्या घरी वर्षभर जात होते ते एक गृहस्थ एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. फवारणीचंच. त्यानंतर पंधरा दिवस मला तीन वाजता जाग यायची आणि मी शेवटच्या भेटीतलं एकेक वाक्य तपासत बसायची. कामावर जात होते, हसत होते, कुणाला काही कळलं नाही. गुरुवारच्या बैठकीत आमच्या वरिष्ठ बाई माझी वही चाळताना थांबल्या. "तुझं अक्षर बदललंय," म्हणाल्या. तेवढं पुरलं मला, मग मी बोलले. त्या गुरुवारांमुळे मी तेवीस वर्षं टिकले. म्हणून तुला तो प्रश्न विचारायला सांगितला, माझं काम कोण बघणार. त्यात माझ्याकडे कोण बघणार हेही आलं. आईला हे वाचून दाखव हवं तर.

आणि फोन करण्याआधी एक कर. तुमच्या गावात सिव्हिलला गोळ्या आणायला जाणारं एखादं घर असेलच. ओळखीचं बघ. त्यांना विचारून, ते हो म्हणाले तरच, एक दिवस त्यांच्यासोबत जा. सकाळची एसटी, केसपेपरची रांग, मनोविकार ओपीडीबाहेरचा बाक, डॉक्टरांसमोरची तीन मिनिटं, गोळ्यांची खिडकी, 'ही गोळी शिल्लक नाही, बाहेरून घ्या', आणि परतीची गाडी चुकली तर स्टँडवर काढलेले दोन तास. पिशवी धर, रांगेत उभी राहा, जास्त बोलू नकोस. घरी आल्यावर दिवसभरात ऐकलेलं जेवढं आठवेल तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. नाव-गाव काही न लिहिता. ते मला पाठव, मी लाल पेनाने बघून देते.